दूध नको, लंगोट मोजा

उरणपासून श्रीवर्धनपर्यंतच्या किनारपट्टीवर बाळंतिणीच्या खोलीत शिरणारी प्रत्येक बाई बूड टेकण्याआधी एकच चौकशी करते, "दूध पुरतंय ना गं?" आत्या विचारते, शेजारीण विचारते, बारशाला आलेली मामेसासू विचारते. नेमकं त्याच वेळी बाळ रडलं की उत्तर मिळालं असं सगळ्याच धरून चालतात. "पुरत नसेल, वरचं चालू कर" असा निकाल लागतो आणि संध्याकाळी घरातलं कोणीतरी मेडिकलच्या दुकानातून पावडरचा डबा घेऊन येतं.

प्रश्नात काही वावगं नाही. उत्तर शोधायची जागा मात्र चुकते. अंगावर पिणाऱ्या बाळानं किती दूध घेतलं हे घरी मोजता येत नाही, आणि बहुतेक बाळांच्या बाबतीत मोजायची गरजही नसते. काटेकोर मोजमाप लागतं ते दोन वेळा: बाळ अपुऱ्या दिवसांचं किंवा फार कमी वजनाचं असेल तेव्हा, आणि बाळ वरच्या दुधावर असेल तेव्हा. आपल्याकडे होतं ते बरोबर उलटं. जिथं मापाची गरज नाही तिथं घरभर काळजी असते, आणि जिथं मिलिलिटरचा हिशेब हवा तिथं "घाल अंदाजानं दोन चमचे" असा कारभार चालतो.

पहिल्या दिवसापासून सुरुवात करू. पुऱ्या दिवसांचं निरोगी बाळ पहिल्या चोवीस तासांत एका वेळी २ ते १० मिलिलिटर चीक पितं. चहाचा चमचा ५ मिलिलिटरचा धरला तर अर्ध्या चमच्यापासून दोन चमच्यांपर्यंत. दुसऱ्या दिवशी हाच आकडा ५ ते १५, तिसऱ्या दिवशी १५ ते ३० आणि चौथ्या दिवशी ३० ते ६० मिलिलिटरवर जातो. म्हणजे पहिल्या दिवशी आईला "काहीच येत नाही" असं जे वाटतं, तेवढंच येणं अपेक्षित असतं. वार पडल्यावर आईच्या रक्तातलं प्रोजेस्टेरॉन झपाट्यानं उतरतं आणि साधारण ३० ते ७२ तासांत दूध भरून येतं. पहिलटकरणीला, सिझेरियन झालेलीला किंवा मधुमेह असलेलीला यापेक्षा थोडा उशीर लागू शकतो. तोवर बाळाला लागणारी संरक्षक द्रव्यं त्या घट्ट, पिवळसर चिकातच असतात.

हा चीक पिळून टाकायचा आणि बाळाला मध किंवा गुळाचं पाणी चाटवायचं, ही रीत आता बरीच मागे पडली आहे. पुरती गेलेली नाही. मधाबद्दल सांगायलाच हवं. त्यात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांना ते बाधत नाहीत, पण वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात ते रुजतात आणि विष तयार करतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, महाराष्ट्रातल्या सहा महिन्यांखालच्या सुमारे ७१ टक्के बाळांना निव्वळ आईचं दूध मिळत होतं. मात्र जन्मानंतर तासाभरात अंगावर घेतलेली बाळं निम्म्याहून थोडीच जास्त, सुमारे ५३ टक्के होती. बाळंतपणं दवाखान्यात व्हायला लागली तरी तो पहिला तास अजून निसटतोच आहे.

दूध भरून आल्यावर बाळ दिवसाला किती पितं, याचा चांगला अभ्यास ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या संशोधकांनी केला आणि २००६ साली तो प्रसिद्ध झाला. निव्वळ अंगावर पिणाऱ्या, एक ते सहा महिन्यांच्या ७१ बाळांचं वजन चोवीस तास प्रत्येक पाजण्याआधी आणि नंतर घेतलं गेलं. सरासरी निघाली दिवसाला ७८८ ग्रॅम, म्हणजे पाऊण लिटरहून थोडं जास्त. खरी मौज सरासरीत नाही, दोन टोकांत आहे. एक बाळ दिवसाला ४७८ ग्रॅमवर भागवत होतं आणि एकाला १३५६ ग्रॅम लागत होते. कोणी दिवसातून सहा वेळा पीत होतं, कोणी अठरा वेळा. सगळी बाळं नीट वाढत होती. शेजारच्या बाळाशी आपल्या बाळाची तुलना करणाऱ्यांनी हे आकडे स्वयंपाकघराच्या भिंतीवर लिहून ठेवावेत.

त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. एका वेळी बाळ छातीत असलेल्या दुधापैकी सरासरी ६७ टक्केच पितं. उरलेलं तिथंच राहतं. छाती "रिकामी झाली", "मऊ पडली" म्हणून दूध संपलं असं समजण्यात अर्थ नाही.

पहिल्या महिन्यानंतर बाळाचं वजन वाढत जातं, पण दूध त्या प्रमाणात वाढत नाही. महिन्याचं बाळ साडेचार किलोचं आणि सहा महिन्यांचं साडेसात किलोचं असलं तरी दोघांचं रोजचं दूध जवळजवळ सारखंच असतं. कारण वाढीचा वेग उतरतो. पहिल्या दोन महिन्यांत बाळ दिवसाला साधारण ३० ग्रॅमनं भरत असेल, तर पाचव्या-सहाव्या महिन्यात त्याच्या निम्म्यानंच भरतं. त्यामुळे दर किलोमागे लागणारे उष्मांकही कमी होत जातात. "एवढं मोठं झालं तरी तेवढंच पितंय" ही तक्रार म्हणूनच तक्रार नव्हे.

मग पुरतंय हे कळायचं कशावरून? लंगोटावरून. जे आत जातं तेच बाहेर येतं. पहिल्या दिवशी निदान एक लंगोट ओला, दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी तीन असं वाढत पाचव्या-सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा किंवा त्याहून जास्त लंगोट ओले व्हायला हवेत, आणि लघवी जवळजवळ पाण्यासारखी फिकी हवी. शीचा रंगही बोलतो. सुरुवातीची काळी, चिकट शी तिसऱ्या दिवसाच्या सुमाराला हिरवट आणि चौथ्या-पाचव्या दिवशी मोहरीसारखी पिवळी, पातळ होते. पाचव्या दिवशीही काळीच शी होत असेल, तर दूध कमी पोचतंय असा संशय घ्यावा. डायपर बांधलं की हा सगळा हिशेब बुडतो. दोन-तीन वेळची लघवी त्यात गडप होते आणि कोणाला पत्ता लागत नाही. पहिले दोन आठवडे तरी आजीच्या जुन्या सुती लुगड्याचे लंगोटच बरे. कोकणातल्या पावसाळ्यात ते वाळत नाहीत ही अडचण खरी आहे. त्यासाठी शेगडीवर उपडी टोपली आहेच.

दुसरी खूण वजनाची, आणि ती घरी चालत येते. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येते. तिच्या पिशवीत स्प्रिंगचा काटा आणि बाळाला ठेवायची झोळी असते. झोळी आधी रिकामी टांगून काटा शून्यावर आणायचा, बाळाचे कपडे काढायचे, झोळीत ठेवायचं, काटा डोळ्यांच्या पातळीला धरायचा आणि बाळाचे पाय हलायचे थांबेपर्यंत थांबायचं. काट्यावर लाल, पिवळा, हिरवा असे पट्टे असतात. समजा, जन्माच्या वेळी २ किलो ८०० ग्रॅम भरलेलं बाळ सातव्या दिवशी २ किलो ६५० भरलं. घरात लगेच चेहरे उतरतात. पण दीडशे ग्रॅम म्हणजे जन्मवजनाच्या पाच टक्क्यांच्या आसपास. पहिल्या काही दिवसांत बाळ अंगातलं जादा पाणी टाकतं आणि सात टक्क्यांपर्यंतची घट बहुतेक बाळांत दिसते. दहा टक्क्यांवर गेली तर मात्र डॉक्टर गाठायचे. हे बाळ चौदाव्या दिवशी पुन्हा २ किलो ८०० ग्रॅमवर आलं पाहिजे आणि पुढे आठवड्याला दीडशे-दोनशे ग्रॅमनं वाढलं पाहिजे. दूध पुरतंय की नाही, हा निकाल त्या दिवशी काटा देतो. मामेसासूचं मत त्यापुढे गौण.

घरोघर जाऊन नवजात बाळ तपासायची ही पद्धत महाराष्ट्रातच घडली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गडचिरोलीच्या ३९ गावांत गावातल्याच बायकांना बाळाचं वजन करायला, श्वास मोजायला, ऊब द्यायला आणि पाजण्यातल्या अडचणी सोडवायला शिकवलं. तिसऱ्या वर्षापर्यंत त्या गावांतले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये हे काम छापून आलं आणि २०११ पासून आशांमार्फत ते देशभर गेलं. किनाऱ्यावरच्या वरसोली-आक्षीसारख्या गावांत या भेटी जमून जातात. डोंगराकडच्या कातकरी वाड्यांतली कुटुंबं मात्र दिवाळीनंतर वीटभट्टीवर आणि कोळशाच्या कामाला बाहेर पडतात आणि बाळाच्या वजनाची साखळी नेमकी तिथं तुटते.

पाजण्याआधी आणि पाजल्यावर वजन करून दूध मोजायची युक्ती जुनी आहे. पॅरिसच्या पिएर ब्यूदँ या डॉक्टरनं १८९२ मध्ये तान्ह्या बाळांसाठी खास बाह्यरुग्ण विभाग काढला. तिथं बाळांना नियमानं तराजूत घालत. पण आशाताईच्या काट्यावर हा प्रयोग करू नका. पन्नास-साठ ग्रॅमचा फरक त्यावर भरवशानं कळत नाही. त्याला दोन-पाच ग्रॅम दाखवणारा डिजिटल काटा लागतो. घड्याळ लावून पाजणं हीसुद्धा बाहेरून आलेली गोष्ट. न्यूझीलंडचे ट्रूबी किंग चार-चार तासांनी पाजा आणि रात्री अजिबात पाजू नका असं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सांगत होते, आणि त्यांची शिस्त जगभरच्या दवाखान्यांत मुरली. आपल्या आज्या बाळ रडायच्या आत अंगावर घेत होत्या. आजचं शास्त्र त्यांच्याच बाजूचं आहे. चोवीस तासांत आठ ते बारा वेळा, बाळ मागेल तेव्हा.

तरीही "दूध पुरत नाही" हे वरचं दूध सुरू होण्याचं सगळ्यांत मोठं कारण राहतंच. संध्याकाळी पाच ते नऊ बाळ किरकिर करतं, सारखं अंगावर मागतं. तिसऱ्या आणि सहाव्या आठवड्याच्या सुमाराला तर दोन-तीन दिवस अखंड चिकटून असतं. घरच्यांना वाटतं, दूध आटलं. खरं तर बाळ उद्याच्या दुधाची मागणी नोंदवत असतं. छातीतून जितकं दूध काढलं जातं तितकं पुढे तयार होतं. साठून राहिलं तर उत्पादन मंदावतं. म्हणून एक वेळ बाटली दिली की अंगावरची एक वेळ चुकते, तेवढं दूध कमी तयार होतं, मग दुसरी बाटली लागते. पंधरा दिवसांत "बघा, आम्ही म्हणत होतो ना" असं म्हणायची सोय घरानं स्वतःच करून ठेवलेली असते. पंपानं वाटीत चमचाभरच आलं, यावरूनही निष्कर्ष काढू नये. बाळ ओढतं तसं यंत्र ओढत नाही.

दूध वाढावं म्हणून बाळंतिणीला काय द्यायचं, यावर इथं घरागणिक मतं आहेत. ब्राह्मणआळीत अळिवाची खीर, डिंकाचे लाडू आणि बाळंतशोपा. कोळीवाड्यात मुशीचं कालवण. मुशीनं पान्हा वाढतो ही समजूत किनाऱ्यावर पक्की आहे. अमुक पदार्थानं दूध वाढतं असा भक्कम पुरावा यांतल्या कशालाच नाही. पण पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने रोज सुमारे ६०० उष्मांक जास्त लागतात, असं आयसीएमआरचं २०२० सालचं कोष्टक सांगतं, आणि ते लाडवांतून काय, कालवणातून काय, आले म्हणजे झालं. मोठ्या मुशीच्या अंगात पारा साठलेला असतो, म्हणून मोठीऐवजी लहान मासळी आणि तीही रोज एकच नको, एवढं पथ्य पुरे. बाळंतिणीला तहानलेलं ठेवायची जी चाल आहे, ती मात्र सरळ मोडावी.

बाळाला पाणी? सहा महिन्यांपर्यंत थेंबभरही नको. वैशाखात अलिबागला अंगाची चिकचिक होते, घामोळं येतं, तरीही नको. आईच्या दुधात ८७-८८ टक्के पाणीच असतं. पाण्यानं पोट भरलं की तेवढं दूध कमी जातं, आणि टँकरच्या पाण्यातून काय काय पोटात जाईल ते वेगळंच. बाळगुटीचंही तेच. सहाणेवर वेखंड आणि मुरडशेंग उगाळणाऱ्या आजीचं मन मोडणं अवघड असतं. पण सहाण, पाणी आणि आजीचं बोट या तीन वाटांनी जंतू आत शिरतात.

आता खऱ्या मोजमापाकडे. चौतीस आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळाला ओढणं, गिळणं आणि श्वास घेणं यांचा मेळ नीट जमत नाही. अशा बाळांना आईचं दूध पिळून नळीनं किंवा वाटी-चमच्यानं द्यावं लागतं, आणि इथं प्रत्येक मिलिलिटर लिहून ठेवला जातो. रायगडमधली अशी बाळं बहुधा अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात किंवा थेट मुंबईला जातात. दीड किलोहून जास्त वजनाच्या बाळाला पहिल्या दिवशी दर किलोमागे ६० मिलिलिटर, त्याहून लहानाला ८०. मग रोज १५ ते २० मिलिलिटरनं वाढवत सातव्या दिवसापर्यंत १५० वर न्यायचं, असा तिथला साधारण नियम. उदाहरण घेऊ. बाळ १ किलो ६०० ग्रॅमचं आहे. पहिल्या दिवशी ९६ मिलिलिटर, दर दोन तासांनी म्हणजे बारा वेळा, दर वेळी ८ मिलिलिटर. दीड चमचा! सातव्या दिवशी २४० मिलिलिटर, दर वेळी २०. घरी आल्यावर एक वेळ झोपेत चुकली तर दिवसाच्या दुधाचा बारावा भाग गेला, म्हणून असं बाळ मागेल याची वाट बघायची नसते; घड्याळ लावून उठवायचं असतं.

यासाठी आपल्याकडे फार जुनं आणि फार चांगलं भांडं आहे: बोंडलं. चांदीचं, पितळेचं किंवा स्टीलचं, एका बाजूला चोच असलेलं आणि दोन-तीन चमचे दूध मावेल एवढं. बाळाला अर्धवट बसतं धरायचं, चोच ओठांच्या कडेला टेकवायची, थोडं दूध सोडायचं आणि बाळानं गिळेपर्यंत थांबायचं. आडवं निजवून घशात ओतलं तर ठसका लागतो आणि दूध श्वासनलिकेत जाऊ शकतं. बोंडलं आतून बाहेरून दिसतं, घासता येतं, उकळता येतं. बाटलीच्या बुचाच्या घळीत काय साठलंय ते कोणालाच दिसत नाही.

लहान बाळाच्या आईला दूध कमी पडलं तर दुसऱ्या आईचं दूध हा पुढचा पर्याय. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकारानं १९८९ मध्ये मानवी दुग्धपेढी सुरू झाली. आशियातली ती पहिली. दान आलेलं दूध तिथं ६२.५ अंश सेल्सियसला अर्धा तास तापवून जंतुमुक्त करतात, तपासतात आणि गोठवून ठेवतात. मुख्यतः अपुऱ्या दिवसांच्या आणि आजारी बाळांना ते मिळतं.

आणि वरचं दूध. आई नसेल, फार आजारी असेल, दूध खरोखरच आलं नसेल, तर ते द्यावंच लागतं आणि त्यात कोणी अपराधी वाटून घेऊ नये. मात्र मग हिशेब चोख हवा. पहिल्या आठवड्यानंतर दर किलोमागे दिवसाला १५० मिलिलिटर, हे सूत्र. तीन किलोच्या बाळाला ४५०. आठ वेळा विभागलं तर दर वेळी ५६, म्हणजे साधारण ६० मिलिलिटर. आपल्याकडच्या बहुतेक डब्यांत ३० मिलिलिटर पाण्याला एक सपाट माप असं प्रमाण असतं. डब्यावरचं वाचूनच घ्यावं. आधी पाणी, मग पावडर. पाणी उकळून अर्ध्या तासाच्या आत, म्हणजे ७० अंशांच्या खाली जाण्याआधी त्यात पावडर मिसळायची, कारण पावडर स्वतः निर्जंतुक नसते. मग भांडं गार पाण्यात धरून कोमट करायचं. दोन तासांत संपलं नाही तर ओतून द्यायचं. वजन वाढेल तसं हे सूत्र न थांबता लावत जायचं नाही. दिवसाला लिटरच्या आत थांबायचं. बाळानं तोंड फिरवलं की उरलेलं संपवायचा आग्रह नको.

आता डब्याचं गणित बघा. पाच किलोच्या बाळाला दिवसाला ७५० मिलिलिटर, म्हणजे २५ मापं. एक माप साडेचार ग्रॅमच्या आसपास धरलं तर दिवसाला ११२ ग्रॅम. चारशे ग्रॅमचा डबा चौथ्या दिवशी संपतो. महिन्याला आठ-नऊ डबे. हंगाम बंद असताना, जून-जुलैत बोटी किनाऱ्याला लागलेल्या असताना मच्छीमार घराला हे झेपत नाही, आणि मग ६० मिलिलिटरला दोनऐवजी एकच माप पडू लागतं. बाटली तेवढीच भरलेली दिसते, बाळाचं पोटही फुगतं, पण त्याला मिळतं निम्मं अन्न. बाळ शांत झोपतं ते अशक्तपणानं. पुरतंय की नाही हे डोळ्यांना दिसत नाही असा हा एकमेव प्रसंग आहे, आणि याला घरातल्या बाईचा अडाणीपणा म्हणणं मला पटत नाही. डबा परवडतो का हे विचारल्याशिवाय तो लिहून देणाऱ्याकडे दोष जास्त जातो. उलट, लवकर बाळसं धरावं म्हणून एक माप जास्त घालणंही वाईट. क्षार वाढतात, बाळाच्या मूत्रपिंडांना ते झेपत नाहीत.

गाईम्हशीचं दूध पाणी घालून पाजायची चालही अजून आहे. गाईच्या दुधात आईच्या दुधाच्या तिप्पट प्रथिनं असतात आणि लोह फारच कमी. सहा महिन्यांच्या आत ते आईच्या दुधाची जागा घेऊ शकत नाही, आणि पाणी घातलं की उष्मांकही जातात. डब्यांची जाहिरात, मोफत नमुने आणि दुकानातली आमिषं यांवर १९९२ च्या कायद्यानं बंदी आहे. २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. म्हणून डब्यावर गुटगुटीत बाळाचं चित्र दिसत नाही.

पहाटे म्हावऱ्याची पाटी घेऊन बाजाराला जाणाऱ्या कोळणीला सव्वीस आठवड्यांची पगारी प्रसूती रजा मिळत नाही. तो कायदा नोकरदार बाईचा. तिच्या घरी बाळासाठी किती दूध काढून ठेवायचं? दिवसाचे पावणेआठशे मिलिलिटर चोवीस तासांत वाटले तर तासाला सुमारे ३० मिलिलिटर पडतात. पाच तास बाहेर राहायचं तर दीडशे मिलिलिटर पुरे. ते एकाच भांड्यात न ठेवता झाकणाच्या तीन छोट्या वाट्यांत ५०-५० ठेवलं तर वाया जात नाही. काढलेलं दूध २५ अंशांपर्यंतच्या खोलीत चार तास टिकतं. कोकणातल्या उन्हाळ्यात एवढाही भरवसा नको, सरळ फ्रिजमध्ये ठेवावं, तिथं चार दिवस राहतं. देताना वाटी गरम पाण्यात धरावी, गॅसवर तापवू नये. सासूनं बोंडल्यानं पाजावं, आणि आईनं घरी आल्या आल्या अंगावर घ्यावं.

सहा महिने झाले की उष्टावण करायचं आणि दूध चालूच ठेवायचं. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला वरच्या खाण्यातून दिवसाला फक्त २०० उष्मांक हवे असतात, पण इकडे भाताची पातळ पेज देतात तिच्यातून तेवढेही जात नाहीत. पेजेतलं पाणी काढून भात कुस्करा, त्यात डाळ आणि चमचाभर तूप घाला.

खालच्या गोष्टींत मात्र थांबून बघायचं नसतं. बाळ पाजायला उठत नाही, अंगावर धरलं तरी ओढत नाही, सहा-आठ तासांत लघवी नाही, टाळू खोल गेली, चौथ्या दिवसानंतर लंगोटावर विटकरी डाग पडताहेत, पिवळेपणा हातापायांपर्यंत उतरला, चौदाव्या दिवशीही जन्मवजन गाठलेलं नाही. यांतलं एकही दिसलं की रात्र असो वा भरपावसाचा दिवस, आशाताईला कळवा आणि १०२ किंवा १०८ ला फोन करा. या दोन्ही रुग्णवाहिकांना पैसे पडत नाहीत, आणि जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली बाळ वर्षाचं होईपर्यंत सरकारी रुग्णालयात त्याच्यावरचे उपचारही मोफत आहेत.